उत्तरेचं पाणी आधी जातं

हर्णै बंदरात जाऊन कुणालाही विचारा, शरदचंद्र चोगले कोण म्हणून. लिलाव ऐन रंगात असला तरी माणूस बोली थांबवून सांगेल: चोगल्यांचा धाकटा. जर्मनीत असतो. तिथे समुद्र सांभाळतो.

बाहेरचा माणूस हे ऐकून हसतो. हसू दे. चोगल्यांच्या घरात थापा मारायची पद्धत नाही. शरद खरोखरच समुद्र सांभाळत होता. ड्रेस्डेनच्या बाहेर, सायकलनं जायच्या अंतरावर, एका बंद पडलेल्या दूध डेअरीच्या शेडमध्ये होता तो समुद्र. वर पत्रा, खाली काँक्रीट. पण समुद्र होता, आणि साधासुधा नाही, कॅस्पियन.

त्याचं असं झालं. लिंडनर नावाचा एक जर्मन म्हातारा होता. पूर्व जर्मनीचा. तरुणपणी त्याला तिकडच्या सरकारनं रशियात धाडलं होतं, व्होल्गा नदी जिथे कॅस्पियनला मिळते तिथे, मासळीची पैदास शिकायला. तिथे त्याचा जीव जडला तो स्टर्जन माशावर. हा मासा म्हणजे अजब चीज. अंगावर खवले नाहीत, पाठीवर हाडांच्या चकत्यांची रांग, शेपटी आपल्या मुशीसारखी, म्हणजे शार्कसारखी, आणि तोंडाखाली चार मिशा. डायनोसॉर होते तेव्हापासून हा आहे. याच्याच पोटातल्या अंड्यांना जगभरचे श्रीमंत लोक कॅव्हिअर म्हणतात. पुढे बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाले, आणि लिंडनरनं व्होल्गाच्या माशांची फलित अंडी आणून त्या डेअरीत हा उद्योग थाटला.

म्हाताऱ्यानं टाक्या कशा मांडल्या ते ऐका. उत्तरेच्या भिंतीला एक लांब अरुंद पाट, त्यात गोडं, गारेगार पाणी. ती व्होल्गा. पाटातून पाणी उतरायचं एका पसरट उथळ टाकीत. तो उत्तर कॅस्पियन. मग मधली टाकी, छातीएवढी. आणि दक्षिणेला, बॉयलरच्या बाजूला, उबदार खोल टाकी, ज्यात उतरायला शिडी लागायची. पूर्वेच्या कोपऱ्यात एक खड्डा होता, तिथे सगळ्या टाक्यांचं घाण पाणी जायचं. त्याला लिंडनर काराबोगाझ म्हणायचा, कारण खऱ्या कॅस्पियनला पूर्वेकडे त्या नावाचं एक आखात आहे, समुद्राचं पाणी त्यात शिरतं आणि वाळवंटाच्या उन्हात वाफ होऊन जातं, मागे नुसतं मीठ. आणि या सगळ्याच्या वर भिंतभर त्यानं स्वतःच्या हातानं कॅस्पियनचा नकाशा रंगवला होता. मासे वर्षभरात या टाकीतून त्या टाकीत हलवायचे. थंडी द्यायची, मग वसंत द्यायचा, मीठ कमी-जास्त करायचं. माशाला वाटलं पाहिजे की आपण आपल्याच दर्यात आहोत. नाहीतर मादी अंडी धरत नाही.

हे सगळं करायचं काम शरदचं. रत्नागिरीला मासळीचं कॉलेज शिकलेला हर्णैच्या कोळीवाड्यातला तो पहिला. पुढचं शिकायला जर्मनीला गेला, तोही पहिलाच. थोरल्या राजाभाऊनं दहावीनंतर शाळेला रामराम ठोकून बाबांच्या बोटीवर पाय ठेवला, म्हणून धाकट्याला पुस्तक धरता आलं. हे कुणी उपकार म्हणून सांगत नाही. आहे ते आहे.

लिंडनरनं त्याला कामावर घेतलं तेव्हा एकच विचारलं होतं, "बाप काय करतो?" शरदनं सांगितलं, मासे मारतो. म्हातारा म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, "मला असाच पाहिजे."

शरदची बायको नीलिमा पुण्याची. ड्रेस्डेनला कॉम्प्युटरच्या चिपा बनवायचा कारखाना आहे, तिथे इंजिनियर. हुशार बाई, जिभेची तिखट. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, नवरा दोन-तीन वर्षांत बरी नोकरी धरेल. कसलं काय. शरद रविवारीसुद्धा त्या टाक्यांच्या हॉलवर. एका मादीच्या नाकावर पांढरा डाग होता. त्यांची मुलगी ओवी लहान असताना एकदा तिथे गेली आणि त्या मादीकडे बघून म्हणाली, "आत्या!" का म्हणाली कुणास ठाऊक, पण नाव चिकटलं. मग रोज संध्याकाळी नीलिमा विचारणार, "काय रे, आत्याबाई जेवल्या का? की मी पाठवू डबा?"

"जेवल्या."

"बरं झालं. मुलगी जेवली का, ते नाही विचारलंस."

स्टर्जनची मादी वयात यायला माणसाच्या पोरीएवढा वेळ घेते. तिसऱ्या वर्षापर्यंत बाहेरून कळतही नाही की नर आहे की मादी. म्हणून सोनोग्राफी करतात. पाण्यातल्या पाण्यात माशाच्या पोटावर यंत्र फिरवायचं, पडद्यावर बघायचं. नर निघाले की चार-दोन पैदाशीला ठेवून बाकीचे बाजूला काढायचे, त्यांचा धंद्याला उपयोग नाही. शरदनं हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याची आई हादरली.

"अरे, आपल्याकडे दवाखान्यात पाट्या असतात, लिंगनिदान गुन्हा आहे म्हणून. पकडून नेतील तुला!"

"आई, माशांचं आहे गं."

"माशाला काय आई नसते? आणि पोरगे मारतात, पोरी ठेवतात? चला, जगात कुठेतरी पोरींना भाव आहे म्हणायचा."

पण धंदा हा लिंडनरचा अर्धाच जीव. उरलेला अर्धा कॅस्पियनमध्ये होता. तिकडे स्टर्जन संपत आला होता. चोरून मारलेला, धरणांनी अडवलेला. कझाकस्तानात उराल नावाची नदी उत्तरेकडून कॅस्पियनला मिळते, तिच्या मुखाजवळ एक हॅचरी होती. तिथे पिल्लं वाढवून नदीत सोडायचे. लिंडनरचा त्यांच्याशी शब्द झाला होता: आत्या आणि तिच्या बरोबरीच्या माद्या अस्सल व्होल्गाच्या रक्ताच्या, त्यांची पहिली फलित अंडी विकायची नाहीत, ऑक्सिजनच्या पिशव्यांत भरून विमानानं उरालवर पाठवायची. बरोबर शरदनं जायचं. त्याचे मासे पत्र्याखाली जन्मले, पत्र्याखाली मरणार. पण त्यांची पोरं खऱ्या दर्यात जातील. शरद दुसऱ्या कशासाठी तिथे राहिलाच नव्हता. दुसरीकडे दुप्पट पगार मिळत होता, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. त्यानं ड्रेस्डेनच्या आशियाई दुकानातून एक नारळ आणून स्वयंपाकघरात शेल्फवर ठेवला होता. कॅस्पियनच्या काठी गेलो की वाहायचा.

"एल्बेत टाक की," नीलिमा म्हणाली. "घराखाली नदी आहे."

"एल्बे उत्तर समुद्राला जाते. डॅन्यूब काळ्या समुद्राला. जर्मनीतली एकसुद्धा नदी कॅस्पियनला जात नाही. तिथे हातानंच न्यावा लागतो."

आत्यानं पहिल्यांदा अंडी धरली त्या जूनमध्ये राजाभाऊ जर्मनीला आला. आपल्याकडे मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणजे त्याला सवड. हॉलमधला हिवाळा त्या साली मुद्दाम लांबवला होता, त्यामुळे आतला वसंत उशिरा आला होता. राजाभाऊ रबरी बूट घालून टाकीच्या कडेनं असा फिरला की लिंडनरलाही वाटलं मालक हाच.

"किती खोल रे खरा दर्या?"

शरदनं भिंतीवरचा नकाशा दाखवला. "हा बघ दादा. उभा, लांबलचक. पाच देश भोवती. खाली दक्षिणेला इराण, तिथे हिरवंगार, आपल्या कोकणासारखा पाऊस, आणि पाणी इतकं खोल की डोंगर बुडेल. पश्चिमेला बाकू, तेलाच्या विहिरी. पूर्वेला नुसतं वाळवंट. आणि वर उत्तरेला, जिथे व्होल्गा आणि उराल येतात, तिथे इतकं उथळ की माणूस चालत सुटला तर किनारा दिसेनासा होईल, तरी गळ्याला पाणी लागायचं नाही. पिल्लं नदीतून उतरली की त्या उथळात वाढतात. तिथे ऊन पोचतं, खाणं असतं. पाळणाघरच ते."

"आणि पाणी बाहेर कुठून जातं?"

"जातच नाही. वाटच नाही. आपल्या समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली, खळग्यात बसलाय. नद्यांनी आणायचं, उन्हानं न्यायचं. खारटसुद्धा आपल्यापेक्षा खूप कमी."

राजाभाऊ हसला. "म्हणजे एकत्र कुटुंब म्हण की. येतो तो येतो, बाहेर कुणी पडत नाही." मग टाकीत डोकावून म्हणाला, "आणि या गाबोळीसाठी लोक जीव टाकतात? आई तव्यावर टाकते ती गाबोळी?"

"तीच."

"मग आपण लहानपणापासून कॅव्हिअर खातोय! सांग त्या म्हाताऱ्याला."

शरदनं सांगितलं. लिंडनर पोट धरून हसला आणि राजाभाऊच्या पाठीवर अशी थाप मारली की दुसरा कुणी असता तर टाकीत पडला असता.

मग सोनोग्राफी झाली. पडद्यावर आत्याचं पोट दाण्यांनी भरलेलं. म्हातारा एकदम गंभीर झाला. "आल्झो, शरद. तयार आहे. इंजेक्शन टोचू, अंडी काढू, फलित करू. झानार वाट बघतेय." झानार म्हणजे उरालच्या हॅचरीतली बाई. दर आठवड्याला तिचा निरोप यायचा.

राजाभाऊनं विचारलं, "काय म्हणतोय?"

शरदनं समजावलं.

"ही पहिल्या खेपेची ना?"

"हो."

"मग बाबा काय सांगायचे?"

बाबा काय सांगायचे ते शरदला पाठ होतं. पहिल्यांदा भरलेली मादी जाळ्यात आली तर परत सोडायची. नारळी पुनवेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही. दर्याला थांबलेला माणूस आवडतो. आणि एक सांगायला पाहिजे, शरदच्या मनात तेच घोळत होतं. दादानं फक्त बोलून दाखवलं. पहिल्या खेपेची अंडी बारीक असतात, जगतात कमी, हे त्याच्या पुस्तकातही होतं. काढली नाहीत तर मादी ती अंगातच जिरवते आणि दोन वर्षांनी पुन्हा धरते, मोठी, दमदार.

तो लिंडनरला म्हणाला, "थांबू या. दुसऱ्या खेपेची पाठवू."

"आणि समुद्र थांबेल? झानार म्हणते पाणी हटतंय."

"ओहोटी आहे," शरद म्हणाला. "भरती येईल."

म्हातारा नकाशाकडे वळला. "माझ्या तरुणपणी असंच म्हणायचे, समुद्र चालला, समुद्र चालला. मग एका वर्षी तो फिरला. पुढची पंधरा-सोळा वर्षं वाढत राहिला, लोकांच्या परसात शिरला. जा. येतो तो परत."

"गेनाऊ," शरद म्हणाला.

राजाभाऊनं खूश होऊन दोघांना मिठी मारली. झानारला कळवलं, दोन वर्षांनी. ती म्हणाली, ठीक आहे, तुम्हाला माशांचं जास्त कळतं.

त्या हिवाळ्यात लिंडनर गेला. सकाळी बर्फ उपसायला बाहेर पडला आणि फावड्यावरच कोसळला. शरदनं खांदा दिला. तिकडे खांदा द्यायची माणसं भाड्यानं मिळतात, पण शरदनं ऐकलं नाही. म्हाताऱ्याच्या मागे पुतणे होते, त्यांनी धंदा विकला. घेणारा ड्युसेलडॉर्फचा केसलर नावाचा तरुण माणूस. तो काही राक्षस नव्हता. शरदला नावानं हाक मारायचा, कॉफी स्वतः आणून द्यायचा. पण विजेचे भाव चढत चालले होते, आणि पाणी थंड ठेवायला, गरम ठेवायला, फिरतं ठेवायला वीज लागते. केसलरनं आल्या आल्या भिंत पांढरी करून घेतली. ग्राहक येतात, फोटो काढतात, स्वच्छ दिसलं पाहिजे. शरद रजेवर होता. परत आला तर कॅस्पियनच्या जागी पांढरी भिंत आणि मधोमध काळा मासा, कंपनीची खूण.

"नुसता रंग तर आहे," नीलिमा म्हणाली.

"हो. रंगच."

त्यानं केसलरला लिंडनरच्या शब्दाची गोष्ट सांगितली. केसलरनं शांतपणे ऐकून घेतलं. "ठीक आहे. या माद्या पुन्हा भरतील तेव्हा त्या लोकांनी तारीख पक्की केली, तर एक खेप तुझी. नाही केली, तर कॅव्हिअर. आणि शरद, मग हॉल बंद. मी यापुढे ओढू शकत नाही."

तेव्हापासून शरदला दुसरं काही सुचेना. आत्याचं पोट पुन्हा भरू लागलं तसतसा तो वाळत चालला. घरी ताटावर बसला तरी लक्ष फोनकडे. झानारचे निरोप आता तुटक यायचे. बघू. नदी खाली आहे. सांगते.

मार्चमधल्या एका शनिवारी, भर दुपारी, तिचा व्हिडिओ फोन आला. शरद घरी होता, ओवी शेजारी सोफ्यावर. झानार आणि तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचे. पडद्यावर आधी तिचे बूट दिसले. चालताना खाली कुरकुर आवाज.

"शंख-शिंपले आहेत," ती म्हणाली. "वाळलेले."

"किनाऱ्यावर आहेस?"

"नाही. समुद्रात आहे."

तिनं फोन वर धरला. तपकिरी जमीन, भेगा पडलेली, टेबलासारखी सपाट. मध्येच एक लोखंडी होडी, बाजूला कलंडलेली, तिच्या पोटाशी गवत उगवलेलं. लांबवर बोरूची वाळलेली बेटं. पाणी कुठेच नाही.

"पाणी कुठे आहे?"

तिनं हात लांब करून दाखवलं. क्षितिजाशी एक पांढरट रेघ होती, ती पाण्याची की मिठाची ते फोनवर कळेना. "दोन वर्षांपूर्वी तू थांब म्हणालास तेव्हा इथे गुडघाभर होतं. तेव्हा आम्ही पिल्लं सोडत होतो. आता आमच्या तळ्यांत नदीचं पाणी चढत नाही. यंदा काहीच सोडत नाही आहोत. पुढच्या वर्षी मी इथे असेन का, माहीत नाही."

"मधल्या भागात? अक्ताऊ बंदराकडे? तिथे खोल आहे ना?"

"तिथे नदी कुठे आहे? इतकी लहान पिल्लं तू थेट खोल पाण्यात टाकणार? तुला माहीत आहे, शरद."

त्याला माहीत होतं. त्यानंच दादाला सांगितलं होतं, पाळणाघर म्हणून. उथळ दर्याचं हेच असतं. पातळी हातभर खाली गेली तरी खोल बाजूला पत्ता लागत नाही, बाकूच्या माणसाला एखादी पायरी जास्त उतरावी लागेल. उत्तरेला तेवढ्यात सगळंच जातं.

फोन बंद झाला. ओवी इतका वेळ बघत होती. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. तिनं विचारलं, "पापा, भरती कधी येणार?"

शरद सवयीनं शिकवायला लागला. "कॅस्पियनला भरती-ओहोटी नसते गं. तो बंद समुद्र आहे ना, चंद्राची ओढ तिथे जाणवण्याइतकी..." आणि तो मध्येच थांबला. हे त्याला कॉलेजपासून ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं. तरी त्या दिवशी टाकीच्या कडेला उभं राहून तो ओहोटी म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. हर्णैच्या माणसाला पाणी मागे गेलेलं दिसलं की तो घड्याळ बघतो, रडत नाही. ते रक्तातच असतं.

ओवी म्हणाली, "मग?"

"मग काही नाही."

माद्यांना कुणी ठेवून घेईल का म्हणून त्यानं पुढचे दोन आठवडे दारोदार फोन केले. मत्स्यालयं, दुसरे फार्म, युनिव्हर्सिट्या. मोठ्या मासळीला मोठी टाकी लागते, कुणाकडे रिकामी नव्हती. नीलिमानंसुद्धा तिच्या ऑफिसातल्या लोकांकडे शब्द टाकला. एका रात्री डोक्यात आलं, एल्बेत सोडून द्यावं. पण आत्या त्या नदीची नव्हे. गुन्हाही आहे, पण ते जाऊ द्या. ती पोहत पोहत परक्या समुद्राला गेली असती, आणि तिथे तिचं कुणी नसतं.

केसलरनं विचारलं, "तारीख?"

शरदनं नकारार्थी मान हलवली.

"तुला नको असेल तर मी बाहेरून माणूस बोलावतो."

"नको," शरद म्हणाला. "मीच करतो. त्यांना माझा हात माहीत आहे."

आता हे काही सगळं सांगण्यासारखं नाही. पण सांगायला पाहिजे की चोगल्यांच्या पोरानं काम अर्धवट सोडलं नाही, दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. एकेक मादी त्यानं स्वतः पाण्यातून उचलली. बर्फाळ पाण्यात आधी गुंगवली, तिला कळू नये म्हणून. आत्याला शेवटी घेतलं. ती नेहमीसारखी कडेला आली, डाग असलेलं नाक वर काढून, खाणं मिळेल म्हणून. शरदनं खिशातून थोडं खाणं काढलं आणि दिलं. कापायच्या आधी माशाला खाणं देत नाहीत, नियम आहे. दिलं.

पोट उघडलं तेव्हा केसलर शेजारी उभा होता. दाणे टपोरे, करडे-काळे, त्यावर सोन्याची झाक. चाळणीवर हलकेच घासले तसे एकेक सुटे झाले. केसलरनं दोन दाणे जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले.

"शरद," तो म्हणाला, "या हॉलमध्ये इतकं सुंदर कधी निघालं नाही. पहिल्या खेपेला घेतलं असतं तर हे मिळालंच नसतं. तू थांबलास ते बरोबर केलंस."

शरद हात धुवायला गेला.

निरोपाची भेट म्हणून केसलरनं त्याला एक निळा डबा दिला. तो घरी फ्रिजमध्ये दह्याच्या मागे पडून राहिला. नीलिमानं त्याच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि तिची जीभ माहीत असलेल्याला कळेल, हे तिच्यासाठी किती होतं. राजाभाऊ फोनवर म्हणाला, "अरे खाऊन टाक. गाबोळीच ती शेवटी. आईला विचार, तव्यावर कशी टाकायची."

"हो, दादा."

"आणि परत ये. दोन बोटी आहेत आपल्या. चोगल्यांच्या पोरानं कुणाच्या दारात उभं राहायची गरज नाही."

"बघतो."

एके दिवशी ओवीनं फ्रिज उघडला, डबा बाहेर काढला, त्यावरचा मासा बघितला आणि विचारलं, "ही आत्या आहे?" शरदनं डबा तिच्या हातातून घेतला. खाली अंगणात जाऊन त्यानं तो कसल्याशा झाडाखाली पुरला. मग वर येऊन सांगितलं, संपला.

मे महिन्यात हॉल रिकामा करायचा होता. तेही शरदनंच केलं, कारण कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. ओवी बरोबर होती, सुट्टी होती. त्यानं व्होल्गाचा पाट बंद केला आणि सगळ्या टाक्यांचे व्हॉल्व्ह एकदम उघडले. पाणी चार बाजूंनी काराबोगाझच्या खड्ड्याकडे धावलं. दक्षिणेच्या खोल टाकीत काही फरकच दिसेना, शिडीच्या पायऱ्या तशाच पाण्यात. मधलीत ओली रेघ उमटली. आणि उत्तरेची पसरट टाकी, बघता बघता, तळाला गेली. आधी मधोमध उंचवटे उघडे पडले, मग कडेचं हिरवं शेवाळ, मग नुसतं काँक्रीट.

"उत्तरेचं आधी गेलं," ओवी म्हणाली. मराठीत म्हणाली. शरदच्या ते लक्षात आलं नाही. तो त्या टाकीत उतरला, चालत दुसऱ्या टोकाला गेला, आणि तिथे उभा राहिला. त्याचे बूटसुद्धा भिजले नाहीत.

आता तो नीलिमाच्याच कारखान्यात आहे, पाण्याच्या खात्यात. चिपा धुवायला पाणी लागतं, आणि ते इतकं शुद्ध लागतं की त्यात मीठ नको, माती नको, हवा नको, काहीसुद्धा नको. ते बनवायचं आणि तसं आहे का ते तपासायचं, हे शरदचं काम. नोकरी चांगली आहे, मान आहे. राजाभाऊनं एकदा विचारलं, "तिथे मासे-बिसे काही?"

"या पाण्यात मासा टाकला तर मरेल, दादा."

"विषारी आहे?"

"नाही. त्यात काहीच नाही, म्हणून."

स्वयंपाकघरातला नारळ नीलिमानं एक दिवस फोडला. इतका जुना झाला होता की खोबरं करवंटीपासून सुटून पिवळं पडलेलं, कुबट वास. तिनं तो कचऱ्यात टाकला आणि नवीन आणला. नवा शेल्फवर ठेवला नाही, चटणी केली.

यंदा नारळी पुनवेला राजाभाऊनं बंदरावर दोन नारळ वाहिले. एक सोनेरी कागदात गुंडाळलेला, बोटीच्या नावानं. दुसरा शरदच्या नावानं. ढोल, बँजो, पोरीबाळी नटलेल्या, अख्खा कोळीवाडा लोटलेला. त्या गर्दीतून त्यानं फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "तुझ्या नावचा टाकला रे! लांब गेला, दिसेनासा झाला!"

ड्रेस्डेनला तेव्हा दुपार होती. शरद जेवणाच्या सुट्टीत कारखान्याबाहेर बाकावर बसला होता.

"भरती होती का?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काय? भरतीशिवाय कुणी टाकतं का? आत्ता चढतंय पाणी, ऐक!" राजाभाऊनं फोन दर्याकडे धरला.

लाटांचा आवाज बराच वेळ येत होता. राजाभाऊनं फोन पुन्हा कानाला लावला. त्यानं दोन-तीनदा "शरद, शरद" केलं. मग पलीकडून शरद म्हणाला, "धर दादा, अजून थोडा वेळ धर तसाच."